आवणी आणि अर्ज

आमच्या खोऱ्यात दोन कामं एकाच वेळी अंगावर येतात. आषाढात पाऊस लागून राहिला की भाताची आवणी, आणि नेमके तेव्हाच कॉलेजचे प्रवेश. चिखलणी झालेलं खाचर कुणासाठी थांबत नाही आणि प्रवेशाची वेबसाइटही थांबत नाही. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास, बँक खात्याला जोडलेलं आधार, यातलं एक जरी राहिलं तरी शिष्यवृत्तीचा अर्ज मागे फिरतो. घरातली सगळी माणसं इरली नाहीतर प्लास्टिक पांघरून खाचरात वाकलेली असताना तलाठ्याच्या दारात जाऊन कोण बसणार, हा प्रश्न वेळापत्रक आखणाऱ्याला पडायचं कारण नाही. माझ्या बारावीच्या वर्षी आमच्याकडून चुलता गेला आणि त्याच्या वाट्याची आवणी आजीने ओढली.

मी वेल्ह्याची, तोरण्याच्या अंगाला असलेल्या एका वाडीतली. २०१८ ते २०२३ या काळात पुण्यात बी.कॉम. आणि मग एम.कॉम. केलं. फी सरकारी शिष्यवृत्तीतून गेली. हातखर्च ‘कमवा आणि शिका’मधून निघायचा, त्यासाठी ग्रंथालयात पुस्तकं लावायचं काम होतं. मेसचे पैसे एका खासगी ट्रस्टने दिले. या ट्रस्टची एक अट होती. दर महिन्याला ठरावीक तास समाजासाठी द्यायचे, त्याचा अहवाल लिहायचा आणि सोबत फोटो जोडायचा.

अट वाचून घरी कुणालाच काही वाटलं नाही. पुण्यात शिकायला जाणाऱ्या गरीब पोराने काम करूनच शिकायचं असतं, हे आमच्याकडे गृहीत धरलेलं आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली ती याच विचारावर, आणि पुणे विद्यापीठाच्या ‘कमवा व शिका’ योजनेला आजही त्यांचंच नाव आहे. पुण्यातली विद्यार्थी सहाय्यक समिती अच्युतराव आपट्यांनी १९५५ मध्ये सुरू केली. तिच्या वसतिगृहांत राहून शिकलेली माणसं आमच्या तालुक्यातही भेटतात. पण ट्रस्टची अट काम करून शिकण्याची नव्हती, ती समाजासाठी वेळ देण्याची होती. तिचं मूळ राष्ट्रीय सेवा योजनेत सापडतं. गांधीजींच्या जन्मशताब्दीत, २४ सप्टेंबर १९६९ ला एनएसएस सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं एक निवासी शिबिर, असा तिचा हिशोब. कॉलेजातल्या मुलाने आपल्या चार भिंतींबाहेरचा समाज बघावा, ही त्यामागची इच्छा. चांगलीच आहे. फक्त त्यात एक धरून चाललेलं असतं की मुलगा शहरातला आहे आणि समाज गावात आहे. जी मुलगी त्या समाजातूनच उठून आली आहे, तिने नक्की कुठे जायचं?

पहिल्या वर्षी मी सांगतील तिथे गेले. टेकडीवर झाडं लावली, पथनाट्यात मागे उभी राहिले. पालखी पुण्यात आली तेव्हा टोपी आणि बिल्ला लावून कचरा उचलायला उभी होते आणि समोरून आमच्याच गावची दिंडी आली. चुलता टाळ वाजवत चालला होता. त्याने मला बघितलं, शेजारच्याला कोपराने ढोसलं आणि म्हणाला, “आमची पोरगी बघ, पगारी न्हाय तरी बिल्ला लावती.” त्या वर्षीच्या अहवालात तो फोटो लागला, चुलत्यासकट.

दुसऱ्या वर्षी ट्रस्टच्या शिष्यवृत्तीधारकांत भोरकडच्या दोघी निघाल्या. एक वरंध घाटाच्या रस्त्यावरच्या हिर्डोशी भागातली, दुसरी भाटघर धरणाच्या पाण्यामागच्या गावातली. तिघींनी मिळून ट्रस्टच्या मॅडमना विचारलं, हे तास आम्ही आमच्याच तालुक्यात भरले तर? मॅडम बऱ्या होत्या. म्हणाल्या, करा, पण काम दिसलं पाहिजे.

आम्ही आधी अभ्यासिका काढली. रविवारी दहावीच्या मुलांना गणित आणि इंग्रजी. मुलं यायची, शिकायची, त्यात खोटं काही नाही. पण दुपारी वर्ग सुटला की दारात आया उभ्या असायच्या. हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत कागद. “ताई, हे जरा बघ गं, काय म्हणतात ते.” त्या पिशवीत कधी परत आलेला शिष्यवृत्तीचा अर्ज असायचा, कधी ज्याच्यावर आडनाव चुकलंय असा शाळा सोडल्याचा दाखला, कधी नुसतीच रेशनकार्डाची झेरॉक्स. महिनाभरात आमच्या लक्षात आलं की इंग्रजी शिकवायला तालुक्यात माणसं आहेत. पिशवी उघडून बसायला कुणी नाही.

आणि तिघींनाही ते येत होतं, कारण तिघींनी ते स्वतःसाठी केलं होतं. कुठला कागद कुणाकडून आणि कशाच्या आधी मिळतो, ही आमची खरी विद्या. उत्पन्नाच्या दाखल्याला तलाठ्याचा अहवाल लागतो. नॉन-क्रिमीलेअरला तीन वर्षांचं उत्पन्न लागतं आणि त्यावर सही प्रांतांची, म्हणजे मामला भोरला. नकाशावर वेल्हं आणि भोर शेजारी दिसतात. प्रत्यक्षात आमच्याकडून भोरला जायचं तर विंझर, मार्गासनी करत नसरापूरला उतरायचं, हायवेने कापूरहोळ गाठायचं आणि तिथून पुन्हा आत वळायचं. आता अर्ज ऑनलाइन जातात, पण त्रुटी निघाली की माणसाला जावंच लागतं. पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता हवा तर अल्पभूधारक असल्याचा दाखला लागतो. आमच्या खोऱ्यात बहुतेक सगळेच अल्पभूधारक, पण तसा दाखला मिळतो हेच अनेकांना माहीत नव्हतं.

सगळ्यात अवघड जातीचे पुरावे. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा मागतात, अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा. विमुक्त-भटक्यांसाठी ही तारीख २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. या चार तारखा मला अजून झोपेतून उठवून विचारल्या तरी सांगता येतील. बारावी सायन्सला असलेल्या एका महादेव कोळी मुलीची पडताळणी अडली होती. तिच्या आजोबांचा दाखला हवा होता. आजोबा चौथी शिकले होते, पण कुठल्या शाळेत ते घरात कुणाला नक्की ठाऊक नव्हतं.

आम्ही तीन शाळा फिरलो. तिसऱ्या शाळेतल्या गुरुजींनी कार्यालयातलं कपाट सरकवून मागची पत्र्याची पेटी काढली. आत दाखल-खारीज रजिस्टर होतं. कडा वाळवीने खाल्लेल्या, पानं एकमेकांना चिकटलेली. गुरुजी फूटपट्टी सरकवून एकेक पान सोडवत होते आणि मुलगी खाली बसून श्वास रोखून बघत होती. वरच्या ओळीत बाळबोध, मध्येच एखादा शेरा मोडीत. १९४६ सालच्या पानावर नाव निघालं. वडिलांचं नाव, गाव, आणि जातीच्या रकान्यात हिंदू महादेव कोळी. मुलीने पहिलं काय केलं असेल तर त्या ओळीवर बोट न ठेवता बोट हवेतच धरलं, शाई पुसेल म्हणून. गुरुजी म्हणाले, “अगं, ऐंशीएक वर्षं टिकलीय ती. तुझ्या बोटानं काय होतंय?” मग त्यांनी खरी नक्कल लिहून दिली आणि आम्हाला कोरा चहा पाजला.

त्या पानावर तालुक्याचं नाव वेल्हे नव्हतं. हा मुलूख १९४८ पर्यंत भोरच्या पंतसचिवांच्या संस्थानात होता आणि संस्थानात विचित्रगड, राजगड, प्रचंडगड असे किल्ल्यांच्या नावांचे तालुके होते. ८ मार्च १९४८ ला संस्थान विलीन झालं, ती नावं गेली. मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगड नाव द्यायचं ठरवलं तेव्हा सगळीकडे आनंद झाला, मलाही झाला. आमच्या मुलांचा प्रश्न मात्र वेगळाच होता: “ताई, जुन्या दाखल्यावर वेल्हे आहे, चालेल ना?”

या कामाला आणखी एक लाट २०२३ मध्ये आली. न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली. मग मोडी वाचणाऱ्या माणसाला आमच्या भागात लग्नातल्या भटजीपेक्षा जास्त बोलावणी यायला लागली. आम्ही तोवर पेट्या उघडण्यात सराईत झालो होतो. पण ती गर्दी राजकीय होती, तिच्यात पडायचं नाही असं ठरवलं आणि फक्त शिकणाऱ्या मुलांपुरतं बघितलं. ते बरंच झालं.

आता अभ्यासाचं. लोक विचारतात, दोन्ही कसं सांभाळलं? उत्तर एसटीत आहे. शनिवारी संध्याकाळी स्वारगेटवरून मुक्कामी गाडी धरायची आणि सोमवारी पहाटे तीच परत घेऊन यायची. ड्रायव्हर-कंडक्टर आमच्याच शाळेच्या व्हरांड्यात झोपायचे, सकाळी त्यांच्या चहाबरोबर माझा चहा व्हायचा. बसमध्ये मर्कंटाइल लॉ पाठ होतो, हिशोबाची गणितं सुटत नाहीत. म्हणून घाटात थिअरी आणि वसतिगृहात कॉस्टिंग, अशी वाटणी मी करून टाकली होती. महिलांना अर्धं तिकीट मार्च २०२३ मध्ये झालं, माझं शिक्षण संपत आल्यावर. माझ्या मागच्या मुलींच्या कामी आलं.

अभ्यासाची झळ बसली नाही असं म्हणणं खोटं होईल. एम.कॉम.च्या एका सत्रात माझे गुण ट्रस्टच्या अपेक्षेच्या काठावर आले. समाजकार्याने माणूस अभ्यासात उलट चांगला होतो, असं सत्कार समारंभात बोलतात. माझा अनुभव साधा आहे: रविवार एकच असतो. तो गावाला दिला की पुस्तकाला मिळत नाही. आमच्यातली भाटघरकडची मैत्रीण दुसऱ्या वर्षानंतर बाजूला झाली, सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत जागा घेतली आणि एमपीएससीला बसली. तेव्हा गावात कुजबुज झाली, स्वतःचं बघायला लागली म्हणून. मला ते पटलं नाही. तिच्या घरात ती पहिली पदवीधर, पाठीमागे दोन बहिणी. तिने स्वतःचं बघणं हेच तिच्या घराचं सगळ्यात मोठं काम होतं. शिष्यवृत्ती देणाऱ्यांच्या रकान्यात ते बसत नाही, एवढंच.

रकान्यांवरून आमचं आणि ट्रस्टचं एक प्रेमाचं भांडण होतं. आवणीच्या महिन्यात तास भरणार कसे? मी मॅडमना विचारलं, घरची आवणी धरता का? त्या म्हणाल्या, घरचं काम समाजकार्य कसं होईल?

“आणि इर्जिक?”

इर्जिक म्हणजे काय ते सांगावं लागलं. ज्याच्या घरी माणूसबळ नाही त्याच्या खाचरात सगळी वाडी उतरते, मजुरी नाही, जेवण त्याचं.

“हे चालेल की. शेजारणीच्या शेतात काम केलं तर चालेल.”

“आणि दुसऱ्या दिवशी शेजारीण आमच्या शेतात आली, मी तिच्याबरोबर वाकले, तर?”

मॅडम हसल्या आणि वहीत ‘सामुदायिक श्रमदान’ असं लिहून मोकळ्या झाल्या. तो शब्द मी पुढे बऱ्याचदा वापरला.

शहरातून एनएसएसची शिबिरं आमच्याकडे येतात. वनराई बंधारे घालतात, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून ओढ्याला आडव्या लावतात. गडावर कचरा गोळा करतात, आणि राजगडावर रविवारी जो कचरा होतो तो बघता ते कामही कमी नाही. त्यांच्यावर तोंडसुख घेणं सोपं आहे. सात दिवसांत गाव काय कळणार, गावातल्या बायांनाच स्वयंपाक वाढतो, वगैरे. थोडं खरंही आहे. पण अशाच एका शिबिरातून आलेल्या मुलाने आम्हाला गूगल शीटमध्ये यादी करायला शिकवलं: कुणाचा दाखला कुठे अडकलाय, तारीख काय, फोन कोण करणार. तोवर ते सगळं माझ्या वहीत होतं आणि मी पुण्यात असले की वही पुण्यात असायची.

त्या यादीचा खरा उपयोग २०२० मध्ये झाला. टाळेबंदीत सगळे विद्यार्थी घरी परतले होते. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ कोकणातून घाट चढून आलं आणि आमच्या भागातल्या घरांचे पत्रे, कौलं घेऊन गेलं. विजेचे खांब आडवे, फोन मुके. पंचनाम्यासाठी घरटी माहिती हवी होती आणि वाड्या एकमेकींपासून लांब. मग पुण्या-मुंबईच्या कॉलेजांतली वीस-बावीस वर्षांची पोरं, एरवी मोबाइलमध्ये तोंड घालून बसतात म्हणून शिव्या खाणारी, वाडीवाडीला गेली. कुणाचं किती छप्पर गेलं, घर कुणाच्या नावावर, खातेपुस्तक आहे का, भिजलं का. कागदच भिजलेले असताना माणसाने आपण कोण ते सिद्ध कसं करायचं, याची सगळी उत्तरं त्या पोरांनी शोधून काढली. त्यात एनएसएसची होती, शिष्यवृत्तीवाली होती, आणि कशातच नसलेलीही होती. कुणी कुणाला पुढारी नेमलं नव्हतं. ज्याला अर्ज लिहिता येत होता त्याच्याभोवती माणसं बसत होती.

पुढच्या वर्षी परीक्षा ऑनलाइन झाल्या. वाडीत नेटवर्क यायचं ते एका टेपावर. आम्ही चौघं-पाच जणं वेगवेगळ्या कॉलेजांची, एकाच झाडाखाली, प्रत्येकाचा पेपर वेगळा. खालून आजीची हाक यायची, “झालं का रं, भाकरी गार व्हती.” शेजारच्या पोराच्या कॅमेऱ्यात माझी म्हैस दोनदा येऊन गेली.

वसतिगृहातल्या मैत्रिणींना मी एक गोष्ट मुद्दाम सांगायची. तुम्ही नळ सोडता त्यातलं बरंचसं पाणी पानशेत-वरसगावचं, म्हणजे माझ्या तालुक्यातलं. जुलै १९६१ मध्ये पानशेत फुटलं ते पुण्याच्या आठवणीत आहे. धरणासाठी आमच्याकडची गावं उठली ते तितकंसं नाही. भाटघर आणि नीरा देवघरचं पाणीही खाली उसाच्या मुलखाला जातं. हे ऐकून कुणी ओशाळावं अशी माझी इच्छा नसायची. पण मला शिष्यवृत्ती मिळते तेव्हा शहर माझ्यावर उपकार करतंय, असा सूर कुणी लावला की हे वाक्य हाताशी असलेलं बरं असतं.

आता मी पुण्यात एका ऑफिसात हिशोब बघते. यादी हिर्डोशीची मैत्रीण, मी आणि आमच्या मागून आलेली मुलं मिळून चालवतो. मुलींच्या अर्जांचं प्रमाण वाढलंय. जुलै २०२४ मध्ये सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांत आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी घटकांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची फी पूर्ण माफ केली. त्यामुळे ‘मुलीला इंजिनिअरिंगला कशाला’ म्हणणारे बापही आता पिशवी घेऊन येतात. फी माफ झाली तरी मेस आणि खोलीभाडं उरतंच, पण बाप दारापर्यंत आला की पुढचं बोलता येतं.

आणि वेळापत्रकाचा तोडगा निघाला. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंत चालतो, म्हणजे एप्रिलनंतर काढला की येतं वर्षभर प्रश्न नाही. मग जुलैची वाट कशाला बघायची? मे महिन्यात शेतं मोकळी असतात, राब भाजून झालेले असतात, पुण्याची पोरं परीक्षा संपवून घरी असतात, लग्नांच्या निमित्ताने बाहेरगावची माणसंही गावात असतात. दाखल्यांचं शिबिर मेमध्येच घ्यायचं. अकरावीतून बारावीत गेलेल्या सायन्सच्या मुलांना तेव्हाच पडताळणीच्या मागे लावायचं. जुलैत आवणीला माणूस आवणीलाच राहील. या वर्षी विंझरला जागा मिळाली आहे. विंझरच्या मुलांना स्वतःचा प्रिंटर हवाय, झेरॉक्सवाला लग्नसराईत दुकान बंद करून जातो म्हणे. ट्रस्टच्या मॅडमना पत्र टाकलंय. त्यांनी उलट विचारलंय, प्रिंटर कुठल्या रकान्यात टाकू?